माळवदाचे वजन : होटगी परिसरातील वाड्याविषयी एक संवाद

ज्या घराण्याच्या हाती गावची जमीन, त्याचेच घर गावात सर्वांत मोठे, हा नियम दख्खनमध्ये जसा दिसतो तसाच इंग्लंडमध्येही दिसतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात सोळाव्या शतकापासून जमीनदार घराण्यांनी जी प्रासादतुल्य घरे उभारली, त्यांचे नकाशे, खिडक्या, धुराडी आणि उद्याने यांवर तिथे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, आणि 1895 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने त्यांतली अनेक घरे ताब्यात घेऊन लोकांना खुली केली. दख्खनच्या पठारावर या घरांच्या जागी उभा राहतो तो वाडा, आणि वाड्याला तट व बुरूज यांची जोड मिळाली की तयार होणारी गढी. पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा वाईजवळचा मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा यांची वर्णने झाली आहेत. परंतु सोलापूर, धाराशिव आणि लातूर या पट्ट्यातील मातीच्या छपराचा, काळ्या दगडाचा वाडा अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटला आणि आता तो गावागणिक पाडला जात आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे या पट्ट्यातील गाव. सोलापूरहून वाडी जंक्शनकडे जाणारा लोहमार्ग आणि विजापूर-गदगकडे फुटणारा लोहमार्ग येथे एकमेकांना भेटतात, आणि गावच्या बोलण्यात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा सहज मिसळतात. पायाखाली बेसाल्टचा काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि वर काळी माती. वर्षाचा पाऊस साधारण 550 मिलिमीटर आणि मे महिन्यातले तापमान चाळीस अंशांच्या वर. दगड मुबलक, लाकूड दुर्मिळ, पाऊस थोडा आणि ऊन फार, या चार गोष्टींतून इथला वाडा घडला. त्याचे छप्पर उतरते नसून सपाट मातीचे असते आणि त्याला माळवद म्हणतात.

असा वाडा जपावा की पाडावा, या प्रश्नावर गावोगाव दोन भूमिका समोरासमोर येतात. पुढील संवादात त्या दोन प्रातिनिधिक पात्रांच्या तोंडी मांडल्या आहेत. एक पात्र वास्तुसंवर्धक स्त्रीचे आहे. वास्तुसंवर्धन म्हणजे जुन्या इमारतीचे मूळ बांधकाम समजून घेऊन ती टिकवण्याची विद्या. दुसरे पात्र वाड्याच्या वयस्क घरधन्याचे आहे, जो जुने बांधकाम उतरवून त्या जागी सिमेंटचे घर बांधू पाहतो.

संवर्धक : अप्पा, वाडा पाडायचे ठरवण्याआधी तो कशाच्या आधारावर उभा आहे हे एकदा नीट पाहिले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की सारा भार या दोन-अडीच हात जाडीच्या दगडी भिंतींवर आहे. परंतु आत लाकडाचा एक स्वतंत्र सांगाडा आहे. दगडी उथळ्यावर खांब उभा केलेला आहे, म्हणजे लाकूड ओल्या जमिनीला टेकत नाही आणि वाळवी लागली तर लगेच दिसते. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी आधार देणारे कोरीव हस्त आहेत, त्यांवर तुळई आहे आणि तुळयांवर कड्या आहेत. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर किती मोठे हे पूर्वी फुटांत न सांगता खणांत सांगत. ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी हे केले त्यांनी भिंतीला आडोशाचे आणि खांबाला वजन पेलण्याचे काम वाटून दिले होते. ही विभागणी आजच्या काँक्रीटच्या खांब-तुळईच्या इमारतीतही तशीच असते.

घरधनी : ताई, सांगाडा जाणकाराला दिसतो, घरात झोपणाऱ्याला डोक्यावरची माती दिसते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे नुकती झोपली असताना, चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात जवळजवळ आठ हजार माणसे गेली. ती माणसे जमीन हादरल्याने मेली नाहीत, अशाच घरांखाली गाडली जाऊन मेली. हेच दगड, हीच माती आणि हेच माळवद. त्यानंतर या भागातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षे माणसे पावसाळ्यातसुद्धा अंगणात पत्र्याखाली झोपत असत. ज्या छपराची माणसाला भीती वाटते, त्या छपराचे सौंदर्य त्याला कसे पटवणार?

किल्लारीचा उल्लेख झाल्यावर हा वाद रुचीचा उरत नाही, तो जीविताचा होतो. म्हणून भूकंपानंतरच्या तांत्रिक पाहण्यांतून काय दिसून आले हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. भूकंपाची तीव्रता 6.2 इतकी, म्हणजे मध्यम होती. तरीही संहार मोठा झाला, कारण घरांमध्ये दोन दोष एकत्र आले होते. पहिला दोष भिंतीचा. जाड दिसणारी भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंतींची असते. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला तोंडाचे दगड रचलेले असतात, मधली पोकळी लहान-मोठ्या गोट्यांनी व चिखलाने भरलेली असते आणि दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड फार थोडे किंवा मुळीच नसतात. हादरा बसताच दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटतात, पोट फुगते आणि भिंत कोसळते. दुसरा दोष छपराच्या वजनाचा. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे छप्पर जितके जड तितका धोका अधिक.

संवर्धक : या दोन्ही दोषांविषयी वाद घालण्याचे कारण नाही, अप्पा. परंतु छपराचे वजन एवढे का झाले, हे विचारले पाहिजे. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या म्हणजे लाकडाच्या फाळी, त्यांवर तुरकाठ्यांचा किंवा पाल्याचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती, अशी माळवदाची रचना असते. पांढरी माती गावठाणाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडातून येते. ती बारीक कणांची व खारी असते, पहिल्या पावसात तिचा वरचा पदर घट्ट मिटतो आणि पाणी आत न मुरता पन्हाळाकडे वाहते. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर नवी माती घालून चोपायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी जुनी मेलेली माती खरवडून खाली उतरवायची, हा रीतीचा अर्धा भाग मात्र हळूहळू सुटला. गळती दिसली की वर आणखी एक थर, पुढच्या वर्षी आणखी एक, असे करत सुरुवातीला वीतभर असलेले माळवद दोन-तीन पिढ्यांत दीड-दोन फुटांचे झाले.

घरधनी : वीतभर काय आणि दीड फूट काय, माती ती मातीच. स्लॅब टाकला की हा सगळा हिशेबच संपतो.

संवर्धक : हिशेब संपत नाही, उलट तो मांडला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. एक घनमीटर कोरड्या चोपलेल्या मातीचे वजन साधारण 1600 किलो धरले, तर दीड फूट जाडीच्या माळवदाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 720 किलो होते. दहा फूट बाय पंधरा फूट खोलीवर ते दहा टनांच्या घरात जाते, आणि माती भिजली की याहूनही वाढते. काँक्रीटचे वजन घनमीटरला 2500 किलो. पाच इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 310 किलो, म्हणजे त्याच खोलीवर सव्वाचार टन. आता माळवद आठ इंचांवर, म्हणजे वीतभर जाडीवर आणले तर त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 320 किलो होते. ज्या स्लॅबकडे सुरक्षित म्हणून पाहिले जाते, त्याच्या बरोबरीचे वजन मूळच्या पातळ माळवदाचे होते. माणसांच्या अंगावर पडले ते माळवद मूळ कारागिराने घातलेल्या जाडीचे नव्हते; अनेक वर्षे कुणी खरवडले नव्हते ते त्यांच्या अंगावर पडले.

संवर्धकाच्या या मांडणीला दुजोरा देणारी आणखी एक बाब किल्लारीच्या परिसरात दिसली. जिथे कड्या थेट भिंतीवर टेकवल्या होत्या तिथे भिंतीबरोबर छप्परही आले. जिथे खणांचा लाकडी सांगाडा पुरा होता, तिथे अनेक घरांत दगडी भिंती बाहेरच्या बाजूला कोसळूनही खांबांवरचे छप्पर तोलून राहिले. या सांगाड्याची उणीव अशी की खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपा आधार नसतो, त्यामुळे आडव्या जोराने तो कलंडू शकतो. भूकंपानंतर तयार झालेल्या दुरुस्तीच्या पद्धतींत आणि 1993 सालच्याच आयएस 13828 या भारतीय मानकात त्यावरचे उपाय दिले आहेत : सांध्यांत तिरप्या लाकडी तीरांचा आधार, भिंतीत उंचीच्या दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीच्या जास्तीत जास्त 120 सेंटिमीटरला एक आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींभोवती फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा, आणि छपरावरच्या मातीत मोठी कपात. यांतला एकही उपाय वाड्याच्या रूपाला बाधक नाही.

घरधनी : वजनाचा हिशेब पटतो, पण तुमच्या या मांडणीत एक माणूस धरला आहे, आणि तो माणूसच आता घरात नाही. दरवर्षी माळवदावर चढणार कोण, माती खरवडणार कोण, चोपणार कोण? जे वडार आणि बेलदार हे काम करत होते ते रस्त्याच्या आणि धरणाच्या कामावर गेले, घरातली मुले पुण्याला गेली. ज्या जिनसांसाठी हे घर बांधले त्या जिनसाही गेल्या. भिंतीच्या जाडीत बळद आहे, अंगणात पेव आहे, दोन्ही ज्वारी साठवण्यासाठी. भीमेवर 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले, ऊस आला आणि कारखाने उभे राहिले. आणि ऊस काही बळदात साठवत नाहीत. तुम्ही सारखे सांगता की स्थानिक साहित्य वापरा. तर मग ताई, होटगी परिसरात सिमेंटचाच कारखाना आहे, फताटेवाडीला 1320 मेगावॉटचे वीजकेंद्र आहे आणि त्याच्या राखेच्या विटा होतात. आजच्या घडीला इथले स्थानिक साहित्य सिमेंट आणि राख आहे. सागवान तर पूर्वीही बाहेरूनच येत होते.

या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ते वास्तुइतिहासालाही मान्य करावे लागते. वाड्याचे साहित्य कधीच सर्वस्वी गावातले नव्हते. दगड, माती, बाभूळ आणि कडुनिंब गावातले. चुना काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा, भट्टीत भाजून बैलाच्या घाण्यात मळलेला. परंतु श्रीमंताच्या वाड्यातले सागवान लांबून आलेले असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आला आणि होटगीसारख्या जंक्शनाच्या आसपास बांधकामाचे साहित्यच बदलले. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी शहाबादी फरशी आली, कौले आली, लोखंडी गर्डर आले. म्हणजे ज्या वाड्याला आज पारंपरिक म्हटले जाते, तोही आपल्या काळातल्या नव्या वाहतुकीचे फळ होता.

संवर्धक : साहित्य बदलते हे खरेच; पण साहित्य कुठे तयार होते यापेक्षा ते घरात आल्यावर काय करते हे महत्त्वाचे. कारखान्यात बाहेरून आलेले क्लिंकर, म्हणजे अतिउष्ण भट्टीत भाजलेले चुनखडक व चिकणमातीचे मिश्रण, दळले जाते; त्याची भट्टी आणि तिचा धूर दुसऱ्या जिल्ह्यात असतो इतकेच. घरात आल्यावर पाच इंचांचा स्लॅब दुपारचे ऊन काही तासांतच आत पोचवतो, आणि संध्याकाळी माणसे घरी येतात तेव्हा छत तव्यासारखे तापलेले असते. जाड भिंत आणि माती तेच ऊन आठ-दहा तास अडवून धरतात. उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर माणसे माळवदावर मोकळ्या हवेत अंथरूण टाकून झोपलेली असतात. घर दिवसा खाली आणि रात्री वर वापरायचे, ही या बांधणीची मूळ योजना आहे. स्लॅबच्या घरात ती योजना मोडते, मग पंखा, कूलर आणि विजेचे बिल यांच्यामार्फत तोच प्रश्न दर उन्हाळ्यात पुन्हा सोडवावा लागतो.

हवामान आणि आकार यांचे हे नाते इंग्लंडमधील घरांशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होते. डर्बीशायरमधील हार्डविक हॉल हे 1590 ते 1597 या काळात बांधले गेलेले घर त्याच्या प्रचंड काचेच्या खिडक्यांसाठी प्रसिद्ध आहे. जिथे सूर्य कमी उंचीवरून येतो आणि थंडी फार, तिथे उजेड आत घेणे हाच ऐश्वर्याचा पुरावा होता, आणि काच महाग असल्याने तो पुरावा दुरूनही वाचता येत असे. सोलापूरच्या वाड्याने याच्या नेमके उलट केले : बाहेरच्या भिंतीला जवळजवळ खिडक्याच ठेवल्या नाहीत, उजेड आणि वारा मधल्या चौकातून घेतला, आणि जिथे चौक पोचत नाही तिथे माळवदात साणे, म्हणजे उजेडासाठी व धुरासाठी ठेवलेले भोक, पाडले. इंग्रज घराचे तोंड बाहेरच्या उद्यानाकडे आणि वाड्याचे तोंड आतल्या चौकाकडे असते. त्याच डर्बीशायरमधील केडलस्टन हॉल या घराचा आराखडा समोर ठेवून कोलकात्याचे गव्हर्नमेंट हाऊस 1799 ते 1803 या काळात बांधले गेले. केडलस्टनला मुख्य इमारतीभोवती योजलेल्या चार उपइमारतींपैकी दोनच बांधल्या गेल्या होत्या, कोलकात्यात मात्र चारही बांधल्या गेल्या, आणि उकाड्याच्या शहरात चारी बाजूंचा वारा मिळवण्यासाठी त्या उपयोगी पडल्या.

घरधनी : चौक सुंदर, साणे सुंदर, हे सांगायला सोपे आहे. पण खिडकी नसलेल्या माजघरात ज्या बायकांनी आयुष्य काढले त्यांना विचारा. धुराने डोळे गेले, बाळंतिणीच्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा. घरातल्या सुना आज या घरात राहायला तयार नाहीत, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. गावाचेही ऐका. पुढच्या दाराला लागून जी ढाळज आहे, म्हणजे आल्यागेल्याला बसण्याची झाकलेली जागा, तिच्या आत गावातल्या किती माणसांना पाऊल टाकता आले? काहींना तर तिच्याही बाहेर उभे राहावे लागे. हा दगड वाहिला कुणी, आणि त्यांतल्या किती जणांना मजुरी मिळाली, किती जणांकडून वेठ घेतली गेली? ज्यांच्या आजोबांनी वेठीला दगड वाहिले, त्यांना हा वाडा जपावासा का वाटावा?

हा आक्षेप संवर्धनाच्या चर्चेत बहुधा टाळला जातो, म्हणून तो घरधन्याच्याच तोंडून येणे महत्त्वाचे आहे. वाड्याचा नकाशा हा कोण कुठवर येऊ शकतो याचाही नकाशा असतो. दिंडी दरवाजा, ढाळज, चौक, सोपा, माजघर आणि देवघर या क्रमाने जात, नाते आणि स्त्री-पुरुष भेद यांच्या चाळण्या लागत जातात. इंग्रज घरांतही नोकरांसाठी वेगळे जिने आणि वेगळे मार्ग असत, जेणेकरून काम व्हावे पण काम करणारा दिसू नये. आणि त्या घरांतला पैसा कुठून आला याचा शोध नॅशनल ट्रस्टने स्वतः घेतला, तेव्हा 2020 च्या अहवालात तिच्या ताब्यातील 93 स्थळांचे वसाहती व गुलामगिरी यांच्याशी असलेले संबंध नोंदवले गेले. त्या नोंदीनंतर ती घरे पाडली गेली नाहीत. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी हकिकत मात्र बदलली.

संवर्धक : अप्पा, तुमचा हा प्रश्न वाडा पाडण्याच्या बाजूने आहे असे वाटते, पण तो त्याच्या विरुद्ध बाजूनेही उभा राहतो. वाडा पाडला तर दगड फोडणाऱ्या वडारांचा, तुळई घडवणाऱ्या सुताराचा आणि अडसर ओढणाऱ्या गड्याचा उरलेला एकमेव पुरावाही जाईल, कारण त्यांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. कागदावर नावे आहेत ती मालकांची. माजघराचा अंधार मात्र जपण्याची गोष्टच नव्हे. काँक्रीटचा पट्टा फिरवल्यावर चौकाच्या बाजूच्या भिंतीत खिडक्या पाडता येतात, चुलीच्या जागी गॅसचा ओटा येतो, मागच्या पडवीत न्हाणीघर आणि संडास बांधता येतात. मेणवलीच्या वाड्याचे नियम रोजच्या राहत्या घराला लावावेत असा आग्रह कुणी धरला, तर तो चुकीचाच ठरेल.

घरधनी : मग खर्चाचे बोला. वाड्याच्या मागे जे उत्पन्न होते ते कायद्याने गेले, आणि जायलाच हवे होते. 1948 चा कूळकायदा आला, 1950 मध्ये कुलकर्णी वतने आणि 1962 मध्ये पाटील वतने संपली. जमीन वाटली गेली, घराचेही सातबारासारखे हिस्से पडले. एका खांबाच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा. एकाला दुरुस्ती हवी असते, दुसऱ्याला त्याचा हिस्सा विकायचा असतो. आणि जुन्या लाकडाचा व्यापारी दारात रोख घेऊन उभा असतो. इथला खांब काढून शहरातल्या हॉटेलात उभा करायला त्याला चार दिवस लागतात.

इंग्लंडमध्येही हीच कारणपरंपरा घडली. 1870 च्या दशकापासून अमेरिकेतल्या स्वस्त धान्यामुळे शेतीचे उत्पन्न घसरले, 1894 मध्ये वारसा मालमत्तेवर नवा कर आला आणि विसाव्या शतकात शेकडो घरे पाडली गेली. त्यावर उपाय म्हणून 1937 मध्ये अशी योजना आली की मालकाने घर व त्याच्या देखभालीपुरते उत्पन्न नॅशनल ट्रस्टला द्यावे आणि कुटुंबाने तिथेच राहून घर लोकांना खुले ठेवावे. महाराष्ट्रात 1960 च्या कायद्याने राज्य संरक्षित स्मारके ठरतात, आणि सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा असा संरक्षित आहे. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची गढी हॉटेल झाली. सोलापुरात अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इंद्रभुवन ही देखणी इमारत महापालिकेच्या कामी आली. ऐतिहासिक पुरुषाचे नाव, पर्यटकांचा ओघ किंवा शहरातली मोक्याची जागा यांपैकी काहीतरी ज्याच्याजवळ आहे त्याला मार्ग सापडतो. होटगीसारख्या गावातल्या, कोणत्याही लढाईशी किंवा राजाशी नाव न जोडलेल्या वाड्याला यांपैकी एकही मार्ग लागू पडत नाही, आणि संख्येने असेच वाडे सर्वांत अधिक आहेत.

संवर्धक : म्हणूनच सर्व वाडा एकदम दुरुस्त करण्याची भाषा सोडली पाहिजे. या घराचे एकक खण आहे, तर दुरुस्तीचे एककही खणच असावे. पहिल्या उन्हाळ्यात फक्त माळवद वीतभर जाडीवर उतरवावे. त्याला लागते ती मजुरी, साहित्य काहीच लागत नाही, आणि धोक्याचा सर्वांत मोठा भाग त्यातच कमी होतो. दुसऱ्या वर्षी झोपण्याच्या खणांत तीर बसवावेत आणि त्याच भिंतींत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालावेत. जिथे भिंतीचे पोट आधीच फुटले आहे ती भिंत उतरवावी आणि तिथे तुमच्या राखेच्या विटांची हलकी भिंत, पट्ट्यासह, खुशाल उभी करावी.

घरधनी : आणि मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या तर?

संवर्धक : बांधाव्यात. चौक बुजवू नये आणि नव्या खोल्यांचे वजन जुन्या भिंतीवर टाकू नये, एवढ्या दोन अटी पुरेत.

घरधनी : ताई, माळवद उतरवून घेऊ, त्याला हरकत नाही. पण दरवर्षी ते खरवडणारा माणूस तुम्ही अजून दाखवला नाही. तो मिळाला नाही, तर दोन-तीन पिढ्यांत ही वीतभर माती पुन्हा दीड फूट होईल, आणि त्या दिवशी या घरात जो झोपलेला असेल त्याला तुमचा हिशेब उपयोगी पडणार नाही.

घरधन्याचा हा शेवटचा आक्षेप संवादात अनुत्तरित राहतो आणि तो तसा राहणेच योग्य आहे, कारण त्याचे उत्तर वास्तुविद्येत नाही. किल्लारीनंतर ज्या 52 गावांचे पूर्ण पुनर्वसन झाले, तिथे जमीनधारणेच्या प्रमाणात 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे सरळ रस्त्यांच्या कडेने बांधून देण्यात आली. ती घरे भूकंपाला तोंड देणारी होती, पण त्यांत ढाळज नव्हती, चौक नव्हता, कडबा आणि जनावरे यांची सोय नव्हती, आणि लोकांनी पुढे स्वतःच त्यांच्याभोवती पडव्या आणि आडोसे जोडले. सुरक्षितता बाहेरून बांधून देता येते. राहण्याची रीत मात्र राहणाऱ्यांनाच घडवावी लागते, असा त्या अनुभवाचा अर्थ आहे. माळवदाच्या वाड्याची गोष्टही याच जातीची आहे. ज्या समाजात वर्षातून एकदा घरावर चढून त्याचे वजन तपासणारे हात होते, त्या समाजाने तो बांधला, आणि ते हात मोबदल्याशिवाय किंवा जातीच्या बंधनाने राबवले गेले हा त्याचा कलंक होता.

म्हणून जपण्याजोगे काय, या प्रश्नाचे उत्तर मालकाच्या प्रतिष्ठेत शोधण्याचे कारण नाही, आणि दगडाच्या वयातही नाही. भार खांबावर आणि आडोसा भिंतीवर ही विभागणी, चौकातून येणारा उजेड आणि वारा, दिवसाची थंड खोली व रात्रीचे मोकळे माळवद, आणि दर वर्षी छपराचे वजन मोजण्याची शिस्त, या चार गोष्टी जपण्याजोग्या आहेत. त्या दगड-लाकडात टिकल्या तर उत्तमच, आणि जिथे दगड-लाकूड टिकणार नाही तिथे राखेच्या विटांच्या नव्या घरातही आणता येतील. माळवद करणाऱ्या कारागिराला ग्रामपंचायतीच्या आणि सरकारच्या कामांत योग्य मजुरी देऊन हे ज्ञान पुन्हा व्यवसायात आणले गेले, तरच घरधन्याने मागितलेला माणूस त्याला मिळेल. तोवर प्रत्येक वाड्यापुढची पहिली कृती ठरलेली आहे : माळवदावर चढावे, सळई खुपसून मातीची जाडी मोजावी, आणि वीतभरापेक्षा जास्त असेल ती माती पुढच्या पावसाआधी खाली उतरवावी. वाडा जपायचा की पाडायचा हा निर्णय त्यानंतर, सुरक्षित छपराखाली बसून घेता येतो.